मिसाईलचं रॉकेट, कार्डशीटवर

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात रॉकेट करायचं असेल तर नीपर करा की, कारण हे सोव्हिएत संघाच्या आर-36एम या अणुबॉम्बवाल्या मिसाईलपासनं केलेलं, शस्त्र कमी करायच्या करारात मोडीत निघायचं होतं ते 1999 ते 2015 मध्ये सॅटेलाईट सोडायला लागलं.

खरं रॉकेट 34 मीटर उंच, 3 मीटर जाड, म्हणून कार्डशीटची 34 सेंटीमीटरची नळी गुंडाळा, जाडी 3 सेंटीमीटर, वरचं तोंड टोपी लावून घट्ट बंद, तीन स्टेजच्या रेघा मारा. मग बाजारात हार्डवेअरवाल्याकडनं पाईपचा तुकडा आणा, नळी आत अलगद सरकली पाहिजे, घट्ट बसली तर उडत नाही, आमची पहिली तशीच अडकली. पाईपाच्या खाली मऊ प्लास्टिकची रिकामी बाटली टेपनं पक्की बसवा, पाय जोरात मारला की हवेनं नळी वर.

हेच मुलांना दाखवायचं बघा, नीपर जमिनीतल्या खोल विहिरीतनं आधी गॅसच्या दाबानं बाहेर फेकलं जायचं आणि इंजिन मग हवेत पेटायचं. उडवताना आपलं तोंड मात्र पाईपावर आणू नका.

2014 मध्ये नीपरनं एकदम 37 सॅटेलाईट नेले, टोपीत तेवढे मणी भरा, पोरं मोजत बसतात.