छातीचा पट्टा घड्याळाला सापडेना, तेव्हा

सिंहगडाच्या चढावर घड्याळाचा मनगटावरचा सेन्सर हृदयाचे ठोके उशिरा पकडतो, म्हणून ठोके मोजणारा छातीचा पट्टा घेतला. पण घड्याळाला तो कधी सापडायचा, कधी नाही. कारण निघालं फोन! ब्लूटूथवर हा पट्टा एका वेळी एकाशीच जोडला जातो, आणि फोनमधलं अ‍ॅप घड्याळाआधीच त्याला धरून बसायचं. घड्याळातली जुनी जोडणी काढली, नव्याने जोडताना अँट प्लस (ब्लूटूथसारखीच दुसरी वायरलेस पद्धत) निवडलं. त्यावर पट्टा आकडे नुसते प्रसारित करतो. घड्याळ, सायकलचा कॉम्प्युटर, ज्याला हवेत त्याने घ्यावेत.

उरला सुरुवातीलाच दिसणारा मिनिटाला १८० ठोक्यांचा आचरट आकडा. हिवाळ्यात कोरडी कातडी, वर सिंथेटिक टी-शर्टचं घर्षण. इलेक्ट्रोड (पट्ट्याचे कातडीला टेकणारे भाग) ओले करून पट्टा बांधला की तो प्रकार बंद. (थुंकी लावणारेही आहेत. चालतं.) पट्ट्यातला सीआर२०३२ सेल (नाण्यासारखा चपटा) मात्र चांगल्यातला घ्या.