डीफार्म झालं, रजिस्ट्रेशन आलं, आता मेडिकलच्या काउंटरवर

डीफार्मचं, म्हणजे फार्मसी डिप्लोमाचं, ५०० तासांचं ट्रेनिंग किती जणांचं कागदावरच उरकतं हे आपल्याला माहितीये, त्यामुळे पहिल्या दिवशी काउंटरवर घाम फुटणारच. माझाही फुटला. रॅक, बिलिंग सॉफ्टवेअर, माल लावणं महिनाभरात जमतं, त्याचं टेन्शन घेऊ नका.

खरी गोची ब्रँडच्या शेपटाची, म्हणजे नावामागच्या एच, एएम, जीपी असल्या अक्षरांची. कॉलेजात बीपीचं टेल्मिसार्टन शिकलो, इथे पेशंट म्हणतो "टेल्मा द्या". आता साधी टेल्मा ४० म्हणजे नुसतं टेल्मिसार्टन, एच लागला की सोबत हायड्रोक्लोरोथायझाइड म्हणजे लघवीची गोळी, एएम लागला की अॅम्लोडिपिन, बीपीचंच दुसरं औषध. शुगरच्या ग्लायकोमेटचंही तेच, नुसती असेल तर मेटफॉर्मिन, जीपी १ मध्ये वर ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ, जीपी २ मध्ये २ मिग्रॅ, आणि साधी खाणाऱ्या आजोबांना जीपी २ गेली तर शुगर उतरून दुपारी चक्कर येऊन पडायचे. त्यात लोक चिठ्ठी आणतच नाहीत, स्ट्रिपचा कापलेला तुकडा आणतात आणि नेमकं शेपूटच उडालेलं असतं! अंदाज लावायचाच नाही. "काका, घरून चिठ्ठीचा फोटो मागवा" म्हणायचं, मागची गर्दी ओरडली तर ओरडू दे. "ती गुलाबी गोळी हो" यावर तर अजिबात काही काढून द्यायचं नाही. आपण स्ट्रिप कापून दिली की पाकिटावर शेपटासकट पूर्ण नाव लिहायचं, म्हणजे पुढच्या वेळी तोच माणूस आपल्याच डोक्याला ताप होत नाही.

काउंटरवर वीसेक वर्षं काढलेला एखादा दादा असतोच. फार्मासिस्ट नसतो पण डॉक्टरांचं अक्षर तो जे वाचतो ते आपल्याला जन्मात जमणार नाही, ते त्याच्याकडून जरूर शिका. डोस मात्र शिकू नका. "सगळे असंच देतात" हे त्याचं उत्तर असतं.

सर्टिफिकेट भाड्याने द्यायची, म्हणजे दुकानात न जाता फक्त नाव लावू द्यायची, ऑफर येईलच. सरळ नाही म्हणा. घरबसल्या चार पैसे मिळतात पण ड्रग इन्स्पेक्टर आला की कागदावर नाव तुमचं, आणि वर काम काहीच शिकत नाही.

एच१ चं रजिस्टर, म्हणजे जपून द्यायच्या औषधांच्या सरकारी यादीची नोंदवही, तिथल्या तिथे भरा. सेफिक्झिम, अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल गेलं की डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, लगेच. तीन वर्षं जपायचं असतं ते. रात्री शटर ओढताना आठवून भरू म्हटलं की निम्मी नावं आठवत नाहीत, मग मालक म्हणतो काहीतरी टाक.