ओकचं बॅरल निवडताना या चुका टाळा

“शिराझ आहे, कुठलं बॅरल घेऊ?” नाशिकहून येणाऱ्या बहुतेक फोनची सुरुवात अशीच असते. शिराझ म्हणजे लाल वाइनचं द्राक्ष. न्हावा शेवाला उतरणारी, वाइन मुरवायची ओक लाकडाची बॅरल्स वायनरींपर्यंत पोचवायचं काम मी पनवेलमधून करतो. माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: वाइनचा पीएच (आम्लतेचं माप, आम्लता उतरली की हा आकडा चढतो) किती आहे, टॅनिन (तोंड कोरडं करणारा तुरटपणा) कसं आहे आणि ती बाटलीत कधी भरणार? द्राक्षाच्या नावावरून बॅरल मागवणं ही पहिली चूक, आणि पुढच्या बऱ्याच अडचणी तिच्यातूनच येतात.

ऑस्ट्रेलियातली पेनफोल्ड्स ग्रेंज ही शिराझ अमेरिकन ओकमध्ये मुरते, म्हणून आपणही तेच घ्यायचं, असा हिशोब अनेक जण करतात. अमेरिकन ओकमधून व्हॅनिला आणि नारळासारखा वास भरपूर येतो. आपल्याकडे तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे दिवस तापत असताना होते. साखर झपाट्याने चढते, आम्लता उतरते. अशा पिकलेल्या, मऊ वाइनवर नव्या अमेरिकन लाकडाचा थर चढला की ती गोडसर आणि जड लागते. अशा वेळी मी आतून आगीवर मध्यम भाजलेलं फ्रेंच ओक सुचवतो, आणि तेही सगळं नवं नाही. थोडी नवी बॅरल्स, बाकीची एक-दोनदा वापरलेली. तीन-चार वापरांनंतर लाकडाची चव जवळजवळ संपते, पण मंद गतीने हवा मिळणं चालूच राहतं आणि बऱ्याच वाइनना तेवढंच हवं असतं.

लाल वाइनमध्ये कॅबरने सोव्हिन्यॉनला स्वतःचं टॅनिन असतं, ती बारीक रेषांच्या लाकडाचं २२५ लिटरचं नवं बॅरल पेलते. टेम्प्रानियोला अमेरिकन ओक शोभतं, स्पेनच्या रिओहात तीच जुनी रीत आहे. पांढऱ्या चेनिन आणि सोव्हिन्यॉन ब्लांकला नवं ओक देऊच नका. अंगात भर हवीच असेल, तर ५०० लिटरचं जुनं बॅरल वापरा. आकार मोठा असला की दर लिटरमागे वाइनला लाकूड कमी लागतं.

शार्डने या पांढऱ्या वाइनबाबत मात्र एक चूक मला फार खटकते. आंबवण पूर्ण स्टीलच्या टाकीत करायची आणि निवळलेली वाइन नव्या बॅरलमध्ये ओतायची. काम सोपं होतं, पण लाकूड वेगळं आणि वाइन वेगळी लागते. आंबवण बॅरलमध्येच केली तर यीस्ट लाकडातल्या व्हॅनिलिनचा काही भाग जवळजवळ बिनवासाच्या रूपात बदलतं, आणि तळाशी बसलेला यीस्टचा गाळही लाकडाचा कडकपणा शोषून घेतो. म्हणून बॅरलमध्येच आंबवलेली शार्डने जास्त एकजीव लागते.

जंगलाच्या नावावर भाळू नका. आलिए, त्रोंसे ही फ्रान्समधल्या ओकच्या जंगलांची नावं मोठी आहेत, पण आधी लाकूड उघड्यावर किती महिने वाळवलं ते विचारा. किमान २४ महिने वाळवलेलं असावं. पावसाने कडवट टॅनिन धुऊन जातं. भट्टीत घाईने वाळवलेल्या लाकडात ते तसंच राहतं.

आता प्रवासाबद्दल. एप्रिल-मेमध्ये उरणच्या यार्डात उभा राहिलेला कंटेनर आतून तापतो. प्लॅस्टिकचं वेष्टन कुठे फाटलं असेल तर फळ्या आकसतात. गेल्या उन्हाळ्यात गोदामात एक बॅरल भरून बघितलं, तर मदतनीस म्हणाला, “दादा, तोंडाकडून थेंब थेंब येतंय.” तोंड म्हणजे बॅरलची सपाट गोल बाजू. घाबरण्याचं कारण नाही. पंधरा-वीस लिटर कडकडीत पाणी ओता, बूच लावून बॅरल लोळवा, मग एका तोंडावर काही तास उभं करा. वरच्या तोंडावरही पाणी साठवून ठेवा. नंतर उलटं करून तेच करा. फळ्या फुगल्या की गळती बहुतेक वेळा थांबते. पण पाणी दोन दिवसांहून जास्त ठेवू नका, ते कुजतं. शक्य असेल तर माल नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उतरेल अशीच ऑर्डर द्या.

नवं बॅरल म्हणजे सुरक्षित, हाही गैरसमज आहे. घोड्याच्या तबेल्यासारखा वास आणणारं ब्रेटॅनोमायसेस हे यीस्ट नव्या लाकडातल्या शर्करेवरही वाढतं. पीएच चढलेला असेल तर वाइन टिकवायला घालतात त्या सल्फरचा परिणाम कमी होतो, म्हणून त्याची मात्रा पीएच बघूनच ठरवा. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात बॅरलमधली पातळी लवकर उतरते. वरची रिकामी जागा आठवड्याला बघून भरून काढा, नाहीतर व्हिनेगरचा वास येईल. रिकामं बॅरल धुऊन, निथळवून, आत गंधकाची वात जाळून बंद करा.

आणि ओक जास्त झालंच तर? लाकडाची चव काढून टाकता येत नाही. त्याच द्राक्षाची टाकीतली वाइन आधी मोजपात्रात १०, २०, ३० टक्के मिसळा, पेले झाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा, आणि मगच सगळ्या लॉटला हात लावा.