सांबाचा ठेका हातात कसा बसवावा

सांबा हे ब्राझीलचे तालप्रधान संगीत शिकू इच्छिणारा माणूस बहुधा आधी तांबोरिम उचलतो, कारण तळहातावर मावणाऱ्या त्या वाद्याचा खटका गर्दीतही सर्वांत आधी कानावर येतो. माझा आग्रह मात्र असा आहे की सुरुवात सुर्दोपासून, म्हणजे पट्ट्याने अंगावर अडकवून वाजवल्या जाणाऱ्या खर्जाच्या मोठ्या ढोलापासून करावी. याचे कारण सांबाच्या इतिहासातच सापडते. रिओ दि जानेरोच्या एस्तासिओ वस्तीतील गायक-वादकांनी १९२८ साली ‘देइशा फालार’ हे मंडळ काढले, तेव्हा जुन्या वळणाचा सांबा नाचायला चांगला असला तरी गात गात मिरवणुकीत चालायला सोयीचा नव्हता. पावलांना आधार देणारा ठोका हवा होता, आणि त्यासाठी बिदे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वादकाने लोण्याच्या मोठ्या डब्यावर चामडे ताणून सुर्दो घडवला, असे मानले जाते.

म्हणून पहिली पायरी वाद्याविना करावी. मेट्रोनोम मिनिटाला साधारण ६० ठोक्यांवर लावून जागच्या जागी चालावे आणि प्रत्येक पावलावर ‘त क दि मि’ हे चार बोल म्हणावेत. सांबाचे आवर्तन दोन मात्रांचे असते, त्यामुळे पहिले पाऊल हलके आणि दुसरे जड टाकावे. तबला किंवा ढोलकी वाजवणाऱ्यांना हीच गोष्ट सर्वांत अवघड जाते, कारण समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, वजन टाकण्याची सवय हाताला लागलेली असते आणि सांबात ते वजन दुसऱ्या मात्रेवर पडते. दोन आवर्तने जोडून बोल मोजले तर ते सोळा होतात. हे सोळा बोल तीनतालाच्या मात्रांसारखे मांडून पाहिले, तर जड ठोके पाचव्या आणि तेराव्या जागी, म्हणजे तीनतालात जिथे दुसरी आणि तिसरी टाळी असते नेमके तिथे येतात. सम आणि खाली (टाळीऐवजी हात रिकामा सोडण्याची नववी मात्रा) या दोन्ही जागा हलक्या राहतात. मला ही तुलना फार उपयोगी वाटते.

दुसऱ्या पायरीला सुर्दो घ्यावा. तो नसेल तर मिरवणुकीतला ढोल चालतो, फक्त टिपरूच्या टोकाला कापड घट्ट गुंडाळावे. दुसऱ्या मात्रेवर उजव्या हाताने पानाच्या, म्हणजे ढोलावर ताणलेल्या पडद्याच्या, मध्याजवळ भरदार ठोका द्यावा आणि तो घुमू द्यावा. मग पुढच्या पहिल्या मात्रेवर डावा तळवा पानावर अलगद ठेवून ती घुम तोडावी. तळव्याखाली कंप थांबल्याचे जाणवले पाहिजे, कारण हा तुटणारा आवाजही ठेक्याचाच भाग आहे. ताफ्यात सहसा तीन आकारांचे सुर्दो असतात. सर्वांत खर्जाचा दुसऱ्या मात्रेवर वाजतो, त्याहून चढ्या सुराचा पहिल्या मात्रेवर त्याला उत्तर देतो, आणि तिसरा या दोघांच्या मधल्या जागा कापत जातो. मांगेइरा या प्रसिद्ध मंडळाच्या ताफ्यात ते उत्तर देणारा सुर्दो ठेवत नाहीत, त्यामुळे त्यांचा ठेका दुरूनही ओळखू येतो.

त्यानंतर काइशाकडे वळावे. पानावर तारा ताणलेला हा ढोल दोन काड्यांनी वाजतो, त्यामुळे ताशाच्या तर्रीचा सराव असलेल्या हाताला तो लवकर साधतो. सगळे बोल अखंड वाजवायचे असतात आणि त्यांतले काही ठळक करायचे असतात. कोणते ठळक करावेत, हे प्रत्येक मंडळाचे वेगळे असते. खरी मेहनत मात्र चार बोलांमधल्या अंतरावर घ्यावी लागते. ते चारही समान अंतरावर वाजवले की ठेका कवायतीसारखा कोरडा होतो. चौथा बोल किंचित आधी येतो आणि पुढच्या मात्रेपर्यंत थोडा रेंगाळतो. हा झोल कागदावर लिहून समजत नाही. रिओच्या ताफ्यांची ध्वनिमुद्रणे लावून त्यांच्याबरोबर तोंडाने बोल म्हणत राहावे आणि तोंडाला जमल्यावरच काड्या हातात घ्याव्यात.

आता तांबोरिम. सुमारे सहा इंच व्यासाचे हे वाद्य एका हातात धरून दुसऱ्या हातातल्या बारीक काडीने वाजवतात. त्याच्या ‘तेलेको-तेको’ या ठेक्याचे एक प्रचलित रूप सोळा बोलांपैकी १, ३, ५, ६, ८, १०, १२, १४ आणि १५ या जागांवर वाजते. हे नऊ ठोके आधी सावकाश टाळीने वाजवावेत आणि पाय मात्र जड-हलके चालतच ठेवावेत. पूर्वार्धात पाचव्या जागी तांबोरिम मोठ्या सुर्दोबरोबर पडते; उत्तरार्धात सुर्दो तेराव्या जागी घुमतो तेव्हा ते गप्प राहते आणि लगेच चौदाव्या जागी उत्तर देते. ही तेरा-चौदाची जागा स्पष्ट ऐकू येईपर्यंत वेग वाढवू नये.

घरात एकट्याने सराव करायचा असेल तर पांडेरो उत्तम. आपल्या खंजिरीसारख्या झांजा असलेल्या या वाद्यावर प्रत्येक मात्रेचे चार बोल अंगठा, बोटांची टोके, मनगटाजवळचा तळवा आणि पुन्हा बोटांची टोके या क्रमाने निघतात. पहिल्या मात्रेचा अंगठा वाजवताना धरत्या हाताचे मधले बोट पानाला खालून टेकवावे आणि दुसऱ्या मात्रेला ते काढून घ्यावे, म्हणजे सुर्दोची बंद आणि खुली जागा एकाच हातात मिळते.

ड्रमसेटवर हे सगळे एकत्र येते. पायाने मोठा ढोल प्रत्येक मात्रेच्या पहिल्या आणि चौथ्या बोलावर वाजवावा, पण वजन दुसऱ्या मात्रेलाच द्यावे. दुसऱ्या पायाने हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी, तिसऱ्या बोलावर मिटवावा, उजव्या हाताने त्याच्यावर चारही बोल चालू ठेवावेत आणि डाव्या हाताने स्नेअरच्या, म्हणजे तारा लावलेल्या छोट्या ढोलाच्या, कडेवर काडी आडवी धरून तांबोरिमचे नऊ ठोके वाजवावेत. चारही अवयव एकदम चालवू नयेत; आधी दोन्ही पाय, मग उजवा हात आणि शेवटी डावा, असे एकेक जोडावेत. मिरवणुकीत ताफे मिनिटाला १४० ठोक्यांच्या आसपास वाजवतात. तिथवर दर वेळी पाच-पाच ठोके वाढवत जावे, आणि चौथ्या बोलाचा झोल ज्या वेगाला हरवेल त्याच्या दहा ठोके खाली येऊन पुन्हा सुरू करावे.