व्याज शोधत फिरू नका, हप्ता वाढवा: महागाईत पैसा उभा करायची रीत

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये आमचा भाचा व्हीएमसी मशीनवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर धातू कापणाऱ्या मशीनवर, ऑपरेटर आहे. पगार १८,००० रुपये, महिन्याला ३,००० बाजूला टाकायची तयारी. परवा म्हणाला, "मामा, जादा व्याज कुठं मिळतंय सांगा की." मी त्याला आधी कागद-पेन आणायला लावलं.

महिना ३,००० रुपये १५ वर्षं टाकले आणि हिशेबापुरता वर्षाला १० टक्के परतावा धरला, तर साधारण १२ लाख ४० हजार होतात. परतावा १२ टक्के मिळाला तर १५ लाख. आता परतावा १० टक्केच ठेवा, पण हप्ता दर वर्षी १० टक्क्यांनी वाढवा. रक्कम २२ लाखांवर जाते. यात खिशातून घातलेले पैसेही जास्त आहेत, ५ लाख ४० हजारांच्या जागी जवळजवळ साडेअकरा लाख. ते मान्यच. पण बाजार १२ टक्के देईल की नाही हे आपल्या हातात नाही, हप्ता वाढवणं बऱ्यापैकी आहे.

अडचण एकच. पंधराव्या वर्षी तो हप्ता ११,४०० रुपयांच्या आसपास जातो, आणि १८ हजारांच्या पगारातून तो निघत नाही. म्हणजे आधी पगाराचं बघायला हवं, व्याजाचं नंतर.

पहिलं काम: घरची महागाई मोजा

रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य ४ टक्क्यांचं आहे, दोन टक्के इकडंतिकडं. पण तो आकडा देशाचा. तुमच्या घरात नेहमी लागणाऱ्या बारा गोष्टी लिहा: म्हशीचं दूध, तेल, गॅस, पेट्रोल, घरभाडं, शाळेची फी, औषधं. रविवारचं मटणही लिहा, कोल्हापुरात ते नसेल तर यादीच खोटी. गेल्या वर्षीचा भाव आणि आजचा भाव शेजारी मांडा, आणि महिन्याचा एकूण खर्च किती टक्क्यांनी वाढला ते काढा.

समजा आकडा ६ टक्के आला. ७२ ला महागाईच्या टक्क्यांनी भागलं की खर्च दुप्पट व्हायला लागणारी वर्षं साधारण निघतात. ७२ ला ६ नं भागा: बारा वर्षांत खर्च दुप्पट. भाच्याला आज १८,००० मिळतात, तर पाच वर्षांनी नुसतं आहे तिथंच राहायला २४,००० लागतील. त्याला वर्षाला ७०० रुपये वाढ मिळते, म्हणजे तो २१,५०० वर पोचेल. दर वर्षी पगार वाढला म्हणून पेढे, आणि पाच वर्षांत महिन्याला अडीच हजारांनी मागं.

मग आपल्याच कामातली वरची पायरी शोधा

इथं बहुतेक जण चुकतात. कुणीतरी सांगतं म्हणून भलताच कोर्स लावतात, फी भरतात आणि दोन महिन्यांत सोडून देतात. तुमच्याच खात्यात तुमच्यापेक्षा जास्त पगार घेणारा माणूस असं काय करतो, जे तुम्हाला येत नाही? तेवढंच बघा. मशीनवर जॉब (घडवायचा भाग) चढवून बटण दाबणारा ऑपरेटर, टूल लावून ऑफसेट घेणारा, म्हणजे टूलचं माप मशीनला देणारा सेटर, आणि ड्रॉइंग वाचून प्रोग्रॅम करणारा प्रोग्रॅमर. तिघं एकाच मशीनपाशी उभे असतात, पगार मात्र वेगवेगळे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठंही जा, हीच उतरंड दिसेल. भाच्यासाठी पुढची पायरी म्हणजे ड्रॉइंग पक्कं वाचणं आणि सेटिंग. रोबोटिक्स नव्हे.

दुकानात हिशेब लिहिणाऱ्याची पायरी जीएसटीची विवरणपत्रं स्वतः भरता येणं ही असेल. हुपरीच्या चांदी कारागिराची संगणकावर डिझाइन काढणं. चप्पल बनवणाऱ्याला माल व्यापाऱ्याकडं न टाकता थेट गिऱ्हाइकाला विकता येणं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पीएम विश्वकर्मा योजनेत पादत्राणं बनवणारे कारागीरही येतात: प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजानं कर्ज.

ओव्हरटाइमचं काय, असं हमखास विचारतात. कायद्यानं त्याचा दर दुप्पट आहे, आणि घरात नड असेल तर जरूर करा. पण ओव्हरटाइममध्ये तास जास्त विकले जातात, तुमच्या रोजच्या तासाचा भाव तोच राहतो. शिकायला वेळच उरणार नसेल इतका ओव्हरटाइम घेऊ नका.

शिकायचं कुठं?

पहिला गुरू खात्यातलाच सेटर. शिफ्ट संपल्यावर अर्धा तास थांबा, चहा पाजा, हात काळे करून घ्या. जोडीला कळंबा रोडची आयटीआय आहे, शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण आहे, मुक्त विद्यापीठ आहे. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' पोर्टलवरचे अभ्यासक्रम फुकट असतात, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी पडते. एका वेळी एकच गोष्ट धरा आणि तिला सहा महिने द्या.

वाढ मागायची, पण वही घेऊन

"खर्च भागत नाही साहेब" म्हणून मागितलेली वाढ पाचशे-सातशेवर मिटते. मालकाचाही खर्च वाढलेलाच असतो. त्याऐवजी तीन महिने वहीत नोंद ठेवा: सेटिंगला किती वेळ लागला, किती जॉब रिजेक्ट झाले. समजा ९० मिनिटांचं सेटिंग तुम्ही ५० वर आणलंत आणि दिवसाला दोन सेटिंग होतात. २५ दिवसांत २,००० मिनिटं, म्हणजे ३३ तास वाचले. मशीनचा तासाचा दर ४०० रुपये धरला तर ते १३,००० रुपयांचं काम झालं. त्यातले ३,००० मागायला लाजायचं कारण नाही. तरीही नाही म्हणाले, तर तीच वही घेऊन पलीकडच्या शेडमध्ये चौकशी करा. कोल्हापुरी माणूस मुरवतीपायी इथं मागं सरतो. "मालक आपलेच आहेत" हे खरं असलं, तरी शाळा फीमध्ये सूट देत नाही.

नोकरी बदलली तर पीएफ काढून घेऊ नका, नव्या ठिकाणी वर्ग करा. त्या पैशाची गाडी घेतलेले बरेच जण माझ्या ओळखीत आहेत. गाडीची किंमत उतरत गेली, पीएफवरचं व्याज मात्र कायमचं बुडालं.

वाढ झाली की त्याच आठवड्यात

३,००० वाढले, तर निदान १,५०० चा हप्ता बँकेतून आपोआप कापला जाईल असं करा, तेही पगाराच्या दुसऱ्या दिवशी. महिनाअखेरीस उरलेलं टाकू म्हटलं की काही उरत नाही.

पैसा ठेवायचा क्रम साधा आहे. आधी चार-सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत. बँक सहकारी असली तरी चालेल, कारण तिथं माणशी ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. पतसंस्थेला तो नसतो. दोन टक्के जादा मिळतात म्हणून आमच्या घरातले पैसे एका पतसंस्थेत अडकले होते, म्हणून हे जरा जोरानं सांगतोय. भिशी गल्लीच्या दोस्तीपुरती ठीक, म्हातारपणासाठी नव्हे. पुढचा पैसा पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी बचत योजनेत, तो १५ वर्षांचा असतो. दहा-पंधरा वर्षं हात लावायचा नाही असा भाग इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकामागं चालणाऱ्या म्युच्युअल फंडात. त्याचा भाव खाली-वर होतो, कधी वर्षभर खालीच राहतो. तेव्हा झोप उडणार असेल तर त्यात कमी टाका.

दर गुढीपाडव्याला बारा गोष्टींची यादी पुन्हा काढा आणि टक्केवारी पगाराच्या वाढीशेजारी ठेवा. पगार मागं पडला असेल तर पुढची पायरी धरायची वेळ झाली. गेल्या वर्षीचे भाव आठवत नसतील तर किराणा दुकानदाराची जुनी उधारीची वही मागा, त्यात तारखेनिशी सापडतात.