केल्पच्या रानात गळ अडकू नये म्हणून

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर केल्पच्या (समुद्रात उंच वाढणाऱ्या मोठ्या शेवाळाच्या) रानात राहणारा केल्प बास मासा पकडताना महागडी आमिषे गमवायची नसतील, तर फेक करण्याआधी क्षणभर पाण्याकडे पाहावे. पृष्ठभागावरची केल्पची पाने प्रवाहाबरोबर ज्या दिशेला लोळलेली असतात, त्याच दिशेने दोरी ओढली की आमिष देठांमधून सरकत येते, आणि आडवी ओढली की हमखास गुंतते. तीन टोकांचा गळ येथे नकोच. आमिष म्हणून लावलेल्या मऊ रबरी माशाच्या अंगात एकेरी गळाचे टोक लपवून ठेवावे. तरीही आमिष अडकलेच, तर झटका देऊ नये, कारण त्याने (आणि हात तर आपोआप तेच करू पाहतो) टोक देठात आणखी रुतते. दोरी सैल सोडून लाटेच्या हेलकाव्याने ते सुटते का पाहावे, नाहीतर रॉड सरळ आमिषाकडे रोखून संथपणे ओढावे. ५० पौंडांचा ताण सोसणारी विणलेली दोरी असेल, तर ती बहुधा केल्प कापूनच बाहेर येते.