मधमाशीला निळा रंग दिसतो का? गच्चीवर तपासायची पद्धत

निळ्या कागदावर साखरपाणी ठेवलं, मधमाशी पिऊन गेली आणि परत निळ्यावरच येऊन बसली. एवढ्यावरून तिला निळा रंग दिसतो असं म्हणता येत नाही. तो कागद शेजारच्यापेक्षा गडद असल्यामुळे तिने ओळखला असेल. मागच्या फेरीत तिनेच सोडलेला वास तिथे असेल, किंवा 'डावीकडून दुसरा' एवढंच तिच्या लक्षात राहिलं असेल. प्राण्याच्या रंगदृष्टीचा कुठलाही प्रयोग मांडताना सगळी मेहनत या तीन शंका फेडण्यात जाते, आणि त्यातली पहिली, म्हणजे उजळपणाची शंका, सगळ्यात चिवट.

याच शंकेवर शंभर वर्षांपूर्वी मोठा वाद झाला होता. म्युनिकचे नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस यांनी दाखवलं की बंदिस्त जागेतून सुटू पाहणारी मधमाशी रंग न बघता जास्त उजेडाकडे जाते. यावरून त्यांनी तिला रंगांध ठरवलं. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांना हे पटेना. माशी रंगांध असेल तर फुलं रंगीत कशाला? १९१४ साली त्यांनी आपले प्रयोग छापले, आणि पुढे १९७३ चं नोबेल पारितोषिक त्यांना प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गेन यांच्यासोबत मिळालं. हेस आणि फ्रिश, दोघांचीही निरीक्षणं खरी होती. फरक होता तो माशी त्या वेळी काय करत होती यात. पळणारी माशी उजेड बघते आणि खाणं शोधणारी रंग बघते. म्हणून आपल्यालाही तिला खाण्याच्या कामाला लावूनच विचारायचं आहे.

पद्धत फ्रिश यांचीच. एका निळ्या कार्डाभोवती पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्याच्या पंधरा छटा मांडायच्या. माशीला फक्त उजळपणा कळत असेल, तर यातली एखादी छटा तिला निळ्यासारखीच दिसेल आणि तिची गफलत होईल.

सामान असं लागेल: १५ सेंटिमीटर बाजूची १६ चौकोनी कार्डं, ती चार-चारच्या ओळींत मावतील असा ६० × ६० सेंटिमीटरचा पाट, त्याच मापाची ३ मिलिमीटर जाडीची साधी खिडकीची काच आणि १६ एकसारख्या लहान काचेच्या बशा. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे मिळणाऱ्या वॉच ग्लास, म्हणजे काचेच्या उथळ खोलगट चकत्या, उत्तम. काचेच्या कडा दुकानातूनच घासून आणा.

करड्या छटा एकाच कागदावर, लेझर प्रिंटरच्या फक्त काळ्या टोनरने छापा. इंकजेट प्रिंटर करडा बनवताना बऱ्याचदा रंगीत शाया मिसळतो. तो आपल्याला करडा दिसतो, माशीला दिसेलच असं नाही. काच ॲक्रिलिकची नको, कारण बहुतेक ॲक्रिलिक माशीला दिसणारे अतिनील किरण अडवतं आणि साधी काच त्यातले बरेचसे जाऊ देते. पॉलीकार्बोनेटच्या छताखाली प्रयोग करू नका, तेही याच कारणासाठी. ट्यूबलाइटखालीही नको. जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. आपल्याला ते कळत नाही, माशीला कळतं. मोबाइल किंवा टॅबच्या पडद्यावर रंग दाखवण्याचा मोह तर पूर्ण सोडा. तो पडदा माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेला आहे. त्यावरचा पिवळा हा लाल आणि हिरव्याची बेरीज असतो, आणि अतिनील त्यात नसतंच.

कार्डाचं माप १५ सेंटिमीटर का? एखादी वस्तू डोळ्याशी साधारण १५ अंशांचा कोन करण्याइतकी मोठी दिसेल तेव्हाच मधमाशी ती रंगावरून ओळखते. त्याहून लहान, सुमारे ५ अंशांपर्यंत, तिला वस्तू आहे एवढं कळतं, पण ते डोळ्यातल्या हिरव्या प्रकाशाला संवेदनशील असलेल्या ग्राहीपेशींना जाणवणाऱ्या उजळपणाच्या फरकावरून. १५ सेंटिमीटरचं कार्ड समोरून पाहिलं तर ५७ सेंटिमीटर अंतरावर १५ अंश भरतं. चार सेंटिमीटरचे तुकडे कापले तर हेच अंतर १५ सेंटिमीटरवर येतं. मग माशी पाटावर घिरट्या घालत राहते, कुठेही उतरते, आणि 'तिला रंग कळत नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

आता माश्या. मधपेटीतली सातेरी (भारतीय मधमाशी) किंवा मेलिफेरा (युरोपीय मधमाशी), दोन्ही चालतील. आग्या मोहोळाच्या आसपास हा उद्योग अजिबात करू नका. डंखाची ॲलर्जी असलेल्या माणसाने जवळ थांबू नये. आजूबाजूला भरपूर फुलोरा असेल तर साखरपाण्याला माश्या विचारत नाहीत, म्हणून फुलांची टंचाई असलेले कोरडे दिवस निवडा.

५० ग्रॅम साखर ५० मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवा. गूळ नको आणि मध तर नकोच. त्याला वास असतो, शिवाय दुसऱ्या वसाहतीतला रोग मधातून येऊ शकतो. एका बशीत थोडं साखरपाणी घालून ती पेटीच्या दाराशी ठेवा. पाच-सहा माश्या पिऊ लागल्या की बशी अलगद उचलून मीटरभर दूर न्या. त्याच माश्या परत आल्या की दोन मीटर, मग पाच, मग दहा. बशी एका वेळी चमचाभरच भरा. उघड्यावर जास्त पाक राहिला तर शेजारच्या वसाहतींच्या माश्याही गोळा होतात, आणि ही गर्दी पेटीच्या दारापर्यंत पोचली की लुटालूट सुरू होते.

खूण करायची ती माशी पाक पीत असतानाच. त्या मिनिटभरात ती जागची हलत नाही. गवताच्या काडीच्या टोकावर पाण्यात विरघळणाऱ्या ॲक्रिलिक रंगाचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब घ्या. छातीवर, दोन पंखांच्या मधोमध, काडी वरून सरळ टेकवा आणि लगेच उचला. काडी दाबायची नाही, थेंब स्वतःच पसरतो. पंखाच्या मुळाशी रंग गेला तर माशी उडू शकत नाही. डोक्याला लागला तर ती दिवसभर डोळे पुसत बसते. फ्रिश यांची सांकेतिक पद्धत आजही सोयीची आहे: छातीच्या पुढच्या भागावर पांढरा म्हणजे १, लाल २, निळा ३, पिवळा ४, हिरवा ५, आणि तेच रंग मागच्या भागावर असले तर ६ पासून पुढे.

शिकवणीत कार्डांवर काच, काचेवर प्रत्येक कार्डाच्या मधोमध एक बशी. निळ्यावरच्या बशीत साखरपाणी, बाकी पंधरांत तेवढंच साधं पाणी, म्हणजे चकाकी सगळीकडे सारखी राहते. माशी पेटीकडे गेली की प्रत्येक वेळी कार्डांच्या जागा बदला. नव्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. मनाने ठरवल्या तर आपण नकळत निळं कार्ड मधल्या चौकोनांत जास्त वेळा ठेवतो. काच जागेवरच राहते आणि कार्डं खालून फिरतात, म्हणून माशीने सोडलेला वास जुन्या जागी राहतो, निळ्याबरोबर जात नाही. प्रत्येक माशीला अशा दहा ते पंधरा फेऱ्या द्या. फेरीला काही मिनिटं लागतात, सकाळ पुरते.

चाचणी एका वेळी एकाच माशीची. बसलेली माशी बघून दुसरी तिथेच उतरते आणि मग मोजणीला अर्थ उरत नाही. बाकीच्यांना हवेची भोकं पाडलेल्या बाटलीत थोडा वेळ ठेवा. काच पातळ स्पिरिटने, मग पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्या. बशा नव्या घ्या आणि सगळ्यांत साधं पाणी. कार्डंही नवीनच छापलेली हवीत. ज्या निळ्या कार्डाने शिकवलं तेच चाचणीत वापरलं तर त्याचा डाग, ओल, सुरकुती यावरूनही ती ओळखू शकते. वरून मोबाइलने चित्रण करा आणि पहिल्या दोन मिनिटांत पाय टेकून उतरणं तेवढंच मोजा. नुसती घिरटी मोजू नका. त्याहून जास्त वेळ पाक मिळाला नाही तर शिकलेलं पुसट होऊ लागतं. दोन चाचण्यांच्या मध्ये दोन-तीन गोड फेऱ्या द्या.

सोळापैकी एक कार्ड निव्वळ योगायोगाने निवडलं जाण्याची शक्यता ६.२५ टक्के, म्हणजे ३० वेळा उतरली तर निळ्यावर दोनेकदा. वीस वेळा निळ्यावर उतरली तर तिथे योगायोगाला जागा नाही. पण एकाच माशीच्या तीस निवडी म्हणजे तीस माश्या नव्हेत. निदान आठ-दहा माश्या तपासा आणि प्रत्येकीचा आकडा वेगळा लिहा. त्यातल्या निम्म्यांना निळ्याऐवजी पिवळ्यावर शिकवा. काही रंगांकडे माश्यांचा उपजत ओढा असतो, म्हणून सगळ्यांना निळ्यावरच शिकवलं तर शिकणं कोणतं आणि ओढा कोणता हे वेगळं काढता येत नाही.

लाल कार्डावर शिकवून बघा. माशी गडद करड्यावर आणि काळ्यावर उतरू लागेल. इथे आपली पद्धत खरी असल्याचं कळतं, कारण फसायला हवं तिथे माशी फसते. मेलिफेराच्या डोळ्यात तीन प्रकारच्या ग्राहीपेशी असतात. त्या ३४४, ४३६ आणि ५४४ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतात. आपल्या लाल भागासाठी तिच्याकडे वेगळी पेशी नाही. त्या बदल्यात अतिनीलसाठी आहे.

ती अतिनील बाजू तपासायला महागडं यंत्र लागत नाही. प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप आणा आणि एका कार्डावर तिचे पाच-सहा थर ताणून बसवा. दुसऱ्या कार्डावर साधा पांढरा भिंतीचा रंग द्या आणि चार दिवस वाळवा, वास पूर्ण जायला हवा. आपल्याला दोन्ही पांढरीच. पण टेफ्लॉन अतिनील किरण परत फेकतं आणि भिंतीच्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड ते शोषून घेतं. ही दोनच कार्डं ठेवा, वर काच नको, कारण तिनेही थोडं अतिनील अडतं. टेपचा गुळगुळीतपणा ही खूण ठरू नये म्हणून भिंतीचा रंगही बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या. वीस निवडींत एखादी माशी १५ किंवा अधिक वेळा बरोबर उतरली तर तिचा आकडा योगायोगाच्या पलीकडचा धरता येतो.

फुलं माशीच्या डोळ्याने बघायची असतील तर कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा अतिनील अडवणारा फिल्टर काढून घ्यावा लागतो आणि लेन्सपुढे फक्त अतिनील जाऊ देणारा फिल्टर लावावा लागतो. आजच्या लेन्सवरचे थर अतिनील कापतात. छायाचित्र मोठं करण्याच्या यंत्रातली जुनी ८० मिलिमीटरची ईएल-निक्कॉर लेन्स यासाठी चांगली. प्रकाश उन्हाचा, तिपाई हवीच. सूर्यफुलाचा असा फोटो काढला की आपल्याला अखंड पिवळी दिसणारी पाकळी टोकाशी उजळ आणि बुंध्याशी काळी निघते. चौकटीत टेफ्लॉनचा एक तुकडा ठेवा, त्यावरून उजळपणा जुळवता येतो. नोटा तपासायचा अतिनील टॉर्च अंधारात फुलावर मारून जे चमकतं ते मात्र वेगळं. ती फुलाची प्रतिदीप्ती, म्हणजे अतिनील शोषून फुलाने सोडलेला आपल्याला दिसणारा प्रकाश, अतिनीलचं परावर्तन नव्हे. समाजमाध्यमांवर 'माशीला असं दिसतं' म्हणून फिरणारे अनेक फोटो नेमके याच गोंधळातले असतात.

साखरपाण्याला न येणाऱ्या माश्यांसाठी घरट्याच्या तोंडाशी रंगीत खूण ठेवायची पद्धत आहे. भीमाशंकर अभयारण्याच्या परिसरातल्या झायलोकोपा ट्रँक्वेबारिका या निशाचर भुंग्यावर हेमा सोमनाथन, रेने बोर्जेस, एरिक वॉरंट आणि आल्मुट केल्बर यांनी असंच काम केलं. हे भुंगे लाकूड पोखरून राहतात आणि चांदण्यांच्या उजेडातही खुणेचा रंग ओळखतात, हे त्यांनी २००८ मध्ये छापलं. तिथेही पडताळा उजळपणाचाच, वेगवेगळ्या करड्या खुणा ठेवून. अशा ठिकाणी रात्री बसायचं असेल तर टॉर्च मंद लाल ठेवा आणि घरट्याच्या तोंडावर थेट धरू नका.